पैशावाचून गावगाडा चालेल?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. महिनाअखेरीला तिची आठवण हमखास होते. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. 'पैसा' हे प्रकरण सुरू झालं, की दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारायचाच, ''सर, हा पैसाच नसता तर? माणसांचं काय अडलं असतं?'' वर्ग हसायचा. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साधुसंतांना तो पडला, क्रांतिकारकांना पडला आणि वाण्याची उधारी फेडून उरलेल्या रकमेत महिना काढणाऱ्या गृहिणीलाही तो पडतोच. आज आपण त्याचा थोडा विचार करू.

मुळात यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पैसा नावाच्या साधनावाचून समाज चालेल का, हा पहिला. आणि आपल्यापाशी अधिकाधिक असावं ही जी ओढ माणसाला असते, तिच्यावाचून समाज चालेल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. चालतो, आणि चाललेलाही आहे. पण कसा चालला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

पाठ्यपुस्तकात एक गोष्ट असते. शेतकऱ्याकडे धान्य आहे, त्याला मडकं हवं आहे. कुंभाराकडे मडकं आहे, पण त्याला धान्य नको, जोडे हवे आहेत. म्हणून अडचण झाली आणि त्यातून पैसा जन्माला आला. गोष्ट छान आहे, पण असा निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज कुणालाच सापडलेला नाही. केंब्रिजच्या मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये हे स्पष्टपणे लिहिलं. आपणही थोडा विचार केला तर कारण कळतं. शेजारच्या कुंभाराकडून मडकं आणायचं, तर त्याच क्षणी त्याच्या हातावर काही ठेवायलाच हवं असं थोडंच आहे? तो म्हणेल, ''न्या, सुगीत बघू.'' मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर धान्याचे आणि चांदीचे हिशेब कोरून ठेवलेले सापडतात. जगातली पहिली नाणी त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आली. म्हणजे नाण्याच्या आधी उधारी आली आणि उधारीबरोबर हिशेब आला. पैसा नसला तरी हिशेब असतोच. म्हणून पैशाशिवायचा समाज पाहिला, की मी पहिल्यांदा विचारतो, इथे हिशेब कोण ठेवतं?

दक्षिण अमेरिकेतलं इंका साम्राज्य घ्या. १५३२ मध्ये स्पॅनिश लोक तिथं पोचले, तेव्हा अँडीज पर्वताच्या रांगांत हजारो किलोमीटर पसरलेलं हे राज्य नाण्यावाचून चाललेलं होतं. सोनं भरपूर होतं, पण ते देवळांसाठी आणि राजासाठी. कर पैशात भरायचा नसे. प्रत्येक घरानं ठरावीक काळ राज्याचं काम करायचं. कुणी रस्ते बांधायचे, कुणी शेतं कसायची, कुणी कापड विणायचं. त्या बदल्यात राज्याची कोठारं भरलेली असत आणि अडीअडचणीला त्यातून धान्य मिळे. या सगळ्याचा हिशेब दोऱ्यांना गाठी मारून ठेवत आणि तो ठेवणारे खास कारकून असत. पैसा नव्हता, पण राज्य मात्र सगळीकडे होतं. कुणी कुठं राहायचं, हेही राज्य ठरवी. गावंच्या गावं उठवून दूर नेऊन वसवली जात. घरात नाणं नाही आणि जागा बदलण्याची मुभाही नाही, असा तो कारभार होता.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या महाराष्ट्रात असा एक प्रयोग शेकडो वर्षं चालला. त्याचं नाव बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात या व्यवस्थेचं बारकाईनं वर्णन आहे. सुतारानं वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची. लोहारानं फाळ शेवटायचा. चांभारानं मोट आणि वहाणा सांभाळायच्या. न्हावी, परीट, कुंभार, गुरव, जोशी, सगळ्यांची कामं ठरलेली. कामाच्या वेळी कुणी पैसे विचारायचे नाहीत आणि कुणी द्यायचे नाहीत. सुगीत खळ्यावर रास पडली, की प्रत्येकानं आपला वाटा न्यायचा. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि त्याप्रमाणे वाटा कमीजास्त असे.

माझ्या लहानपणी आजोळी मी हे शेवटचं शेवटचं पाहिलं आहे. खळ्यावर मापानं धान्य ओतलं जाई आणि पदरात पडताना ''अजून एक ओंजळ टाका की'' अशी थट्टामस्करी चाले. या व्यवस्थेत चांगलं काहीच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. एखाद्या विधवेचं शेत असलं, तरी तिचा नांगर दुरुस्त व्हायचाच, कारण तिच्याकडे आत्ता पैसे आहेत का, हा प्रश्नच नव्हता. पाऊस चांगला झाला तर सगळ्यांच्या पदरात चार पायल्या जास्त, दुष्काळ पडला तर सगळ्यांना ओढाताण. आज कारागिराला काम नसलं तर तो एकटा पडतो. तेव्हा तो निदान हिशेबाच्या आत होता.

पण तो हिशेब कुणाच्या हातात होता? रास कुणाची, खळं कुणाचं, माप कुणाचं? मोजणारा एक आणि पदर पसरणारे दुसरे. आणि सगळ्यांत जड ओझं कुणावर होतं, हे गावगाड्याच्या आठवणींनी हळवं होताना आपण विसरतो. महार वतनाकडे पाहा. गावची राखण करायची, सीमा दाखवायची, सरकारी टपाल आणि वसूल पोचवायचा, निरोप न्यायचे, मेलेली जनावरं ओढायची. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि एकाचं नाव वतनाला असलं तरी सारं घर राबे. बदल्यात थोडी वतनी जमीन आणि बलुत्याचा वाटा. तोही नाकारला तर दाद कुणाकडे मागायची? वाटा देणाऱ्याकडेच! १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, त्यामागं हेच दुखणं होतं. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्यानं. दया पवारांच्या १९७८ मधल्या आत्मकथनाचं नावच 'बलुतं' आहे. ते वाचलेल्या माणसाला हा शब्द पुन्हा भाबडेपणानं वापरता येत नाही.

म्हणूनच मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पलटणीत मिळालेला रोख पगार अनेकांना सुटकेसारखा वाटला. पगार थोडाच असेल, पण तो मोजून घेता येतो, खिशात घालून दुसऱ्या गावी जाता येतं आणि तिथल्या दुकानदाराला आपलं कूळ सांगावं लागत नाही. पैशानं सगळं सुटलं असंही नाही. गिरणीतल्या विणखात्यात पगार जास्त होता. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत. नाण्यावर जात लिहिलेली नसते, पण नाणं जिथं मिळतं त्या दारावर ती लिहिलेली असू शकते.

पैसा नसला म्हणून हाव संपते का? बलुत्यातच याचं उत्तर आहे. जुन्या दप्तरांत वतनाच्या तंट्यांचे कागद ढिगानं सापडतात. पाटीलकी कुणाची, मान कुणाचा, पोळ्याला कुणाचा बैल पुढं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली. प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर मालिनोव्स्की या अभ्यासकानं पहिल्या महायुद्धाच्या काळात मुक्काम केला आणि १९२२ मध्ये ग्रंथ लिहिला. तिथले लोक नावांतून समुद्र ओलांडून शिंपल्यांच्या लाल माळा एका दिशेनं आणि पांढरी कडी उलट दिशेनं एकमेकांना भेट देत. माळ कायमची ठेवून घ्यायची नाही, काही काळानं पुढं द्यायची. तिला बाजारभाव नाही, पण नामांकित माळ आपल्या हातून गेली, याचा मोठा मान. आणि त्याच सफरीत बाकीच्या मालाची घासाघीसही चाले! संपत्ती साठवण्याची ओढ तिथं नावलौकिक साठवण्याच्या ओढीत गेली होती. आपल्याकडेही कर्ज काढून गावजेवण घालणारा माणूस पैशाच्या मागं नसतोच, मानाच्या मागं असतो. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की ओढ जात नाही, तिला वाट मात्र वेगळी देता येते.

आता उलट बाजूनं पाहू. काहींनी ठरवून पैसा रद्द केला. कंबोडियात १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्यानं राजधानी नॉम पेन्ह घेतली. शहर रिकामं करून लोकांना शेतांवर हाकलण्यात आलं. पैसा, बाजार, खासगी मालमत्ता, सगळं बंद. राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटानं उडवून दिली. सामुदायिक भोजनगृहात भाताची पेज मिळे आणि कुणाला किती, हे वरचे कार्यकर्ते ठरवत. भुकेली माणसं लपवलेलं सोनं आणि घड्याळं देऊन चोरून तांदूळ मिळवत. पावणेचार वर्षांत सुमारे ऐंशी लाखांच्या देशातली पंधरा ते वीस लाख माणसं उपासमार, रोगराई आणि कत्तली यांत गेली. हे सारं केवळ पैसा रद्द केल्यामुळं झालं, असं म्हणणं चूक ठरेल. त्यामागं एक निर्दय राजवट होती. पण पैसा नाहीसा झाल्यानं त्या राजवटीच्या हातात एक मोठं हत्यार आलं. ज्याच्या हाती डाव, त्याच्या हाती जीव, अशी गत झाली. राजवट कोसळल्यावर लोक तांदूळ मापून व्यवहार करू लागले आणि १९८० मध्ये रिएल हे चलन परत आलं.

याच्या उलट स्वखुशीचा प्रयोग म्हणजे किब्बुत्स. १९१० मध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी देगानिया ही वसाहत सुरू केली. सगळ्यांचं स्वयंपाकघर एक, जमीन सामाईक, पगार कुणालाच नाही. ज्याला जमेल तसं त्यानं काम करायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. हा प्रयोग वाढला आणि अशा अडीचशेहून अधिक वसाहती झाल्या. तो टिकला, याची कारणं उघड आहेत. माणसं एकमेकांना ओळखत होती, आपणहून आली होती आणि नको झालं तर जाऊ शकत होती. पण आजूबाजूच्या अरब शेतकऱ्यांना त्या वर्तुळात जागा नव्हती. बाहेरच्या जगाशी व्यवहार पैशातच होता. १९८० च्या दशकात अनेक वसाहती कर्जात बुडाल्या. खुद्द देगानियानं २००७ मध्ये कामाप्रमाणे वेगवेगळा पगार स्वीकारला. सत्त्याण्णव वर्षं चाललेल्या प्रयोगाला मी अयशस्वी म्हणणार नाही. पण ओळखीच्या माणसांत जे जमतं, ते अनोळखी कोट्यवधींत जमेलच असं नाही.

नोटाबंदीच्या वेळी हे आपणही अनुभवलं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनात असलेल्या नोटांच्या एकूण किमतीपैकी सुमारे ८६ टक्के एका रात्रीत बाद! आमच्या गावात वाण्यानं वही उघडली, दूधवाल्यानं ''पुढच्या महिन्यात बघू'' म्हटलं, डॉक्टरांनीही थांबून घेतलं. लोकांना त्याचं कौतुक वाटलं, आणि ते योग्यच होतं. पण वहीत नाव कुणाचं लागलं? ज्याची ओळख होती त्याचं. परगावाहून आलेल्या मजुराला कोण उधार देणार? अनोळखी माणसाला विश्वासाचा परवाना म्हणून पैसा कामाला येतो. तो नसला, की पहिल्यांदा परका अडतो.

मग पैशावाचून काही चालूच नये का? तसं नाही. आजही कितीतरी गोष्टी पैशावाचून चालतात, आणि चालाव्यात. शेतीत सावड असते. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. इर्जिकीला शेजारी आपापली औतं घेऊन येतात, एका दिवसात एकाचं रान नांगरून देतात आणि यजमानाच्या घरी जेवून जातात. रक्ताचं उदाहरण तर फार बोलकं आहे. एकेकाळी आपल्या देशात रक्त विकून पोट भरणारी माणसं होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. रक्तपेढीत तपासणीचा आणि साठवणीचा खर्च घेतात, पण रक्त देणाऱ्याला मोबदला नाही. तरीही गणेशोत्सवात, जयंतीला, कॉलेजात शिबिरं भरतात आणि अनोळखी माणसासाठी लोक हात पुढं करतात. एक गोष्ट बाजारातून काढून घ्यायची, असं समाजानं ठरवलं आणि ते निभावलं.

पण फुकट चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हात जोडण्याआधी घरात डोकावून पाहा. घर हा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा, पैशावाचून चालणारा समाज. स्वयंपाकाचं, धुण्याचं, दुखणाइताच्या उशाशी बसण्याचं बिल कुणी लावत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हिशेब कुणी मांडत नाही, म्हणजे तो बरोबर आहे असं होत नाही. जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी संप केला. कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत आणि त्यांना मिळतं ते मानधन. दारोदार फिरून जीव धोक्यात घालणाऱ्या बाईला सेवेचा मान पुरेल, असं धरून चालणं म्हणजे नव्या नावाचं बलुतंच नव्हे का?

तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. घरात महाजनकी, लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायची ठरवली. पण आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा वेगळा काढून त्याच्या हातात दिला आणि मग आपल्या वाट्याची खतं बुडवली. मला या प्रसंगातला अर्धा वाटा फार मोलाचा वाटतो. विरक्ती आपली, तेव्हा सोडायचं तेही आपलंच. भावाच्या वतीनं त्यांनी त्याग केला नाही. कंबोडियातल्या राज्यकर्त्यांनी सगळ्या देशाच्या वतीनं त्याग केला. गावगाड्यानं तो एका जातीच्या वतीनं केला. आपण घरात पुष्कळदा तो आईच्या किंवा पत्नीच्या वतीनं करत असतो.

म्हणून कुणी पैशाशिवायच्या समाजाची गोष्ट सांगू लागलं, तर मी आता तीन प्रश्न विचारतो. हिशेब कोण ठेवतं? ज्याला नको असेल त्याला नाही म्हणता येतं का? आणि बाहेरून आलेल्याला त्यात जागा आहे का? सावड या परीक्षेत बरीच उतरते, कारण तिथं दिवसाला दिवस मिळतो आणि कुणी कुणाचा धनी नसतो. रक्तदान तर पुरतं उतरतं. बलुतं उतरत नाही. हेच तीन प्रश्न पैशालाही विचारावेत. ज्याच्या हातात पैसाच नाही, त्याला बाजार नाही म्हणायची मुभा देत नाही, हेही खरंच आहे. त्यामुळं पैशाची आरती ओवाळायचंही कारण नाही.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला मी सांगायचो, की समाज पैशावाचून चालेल, पण माणसांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे आणि एकमेकांना सोडून जाण्याची मोकळीकही असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतात. बाकी ठिकाणी पैसा लागणार. आपल्या हातात एवढंच, की काही गोष्टी विकायच्या नाहीत असं ठरवायचं, जसं रक्ताचं ठरवलं. आणि काही गोष्टी फुकट मागायच्या नाहीत, असंही ठरवायचं. पहिलं ठरवणं आपल्याला जमतं, त्याबद्दल आपण स्वतःची पाठही थोपटतो. दुसऱ्याची सुरुवात आज रात्री जेवणं झाल्यावर ताटं उचलताना करता येईल.